श्रेयांकांचा विनिमयदर कोण ठरवणार?

परदेशी शिक्षणाचा विषय आपल्या वर्तुळात निघाला की दोन प्रतिक्रिया हमखास उमटतात. पहिली अशी, की हा मूठभर सुखवस्तू घरांतल्या मुलांचा प्रश्न आहे. खेड्यापाड्यांतल्या शाळांना शिक्षक मिळत नसताना समाजवाद्यांनी त्यात वेळ कशाला दवडावा? दुसरी अशी, की गरीब देशाच्या पैशावर पोसलेली बुद्धी परदेशात जाते. तिला थोपवायचे सोडून वाट कसली दाखवायची? दोन्ही प्रतिक्रियांमागे प्रामाणिक भावना आहे आणि म्हणून त्यांना उत्तर देणे भाग आहे. तथापि २०२० नंतर उच्च शिक्षणाच्या नियमांत जे बदल झाले ते पाहता, या प्रश्नाकडे पाठ फिरवणे म्हणजे तो बाजाराच्या हवाली करणे होय, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न नेमका काय ते आधी पाहू. सांताक्रूझ पूर्वेला कलिन्याच्या विद्यानगरीत, किंवा मुंबई विद्यापीठाच्या पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत पसरलेल्या शेकडो संलग्न महाविद्यालयांपैकी एखाद्यात, एक मुलगी अर्थशास्त्र शिकते आहे असे समजा. मधले एक सत्र तिला परदेशी विद्यापीठात काढायचे आहे, किंवा पदवीनंतरचे शिक्षण तिकडे घ्यायचे आहे. तिने इथे केलेला अभ्यास तिकडे किती धरला जाईल? तिकडे केलेला अभ्यास परतल्यावर इथल्या पदवीत किती धरला जाईल? हे कोण ठरवणार, केव्हा ठरवणार, आणि ठरवण्यात गफलत झाली तर वाया गेलेल्या सत्राची किंमत कोणी मोजायची? क्रेडिट, ज्याला सरकारी मराठीत श्रेयांक म्हणतात, त्याच्या हस्तांतरणाचा प्रश्न तो हाच. वरकरणी तो तांत्रिक, कारकुनी स्वरूपाचा दिसतो. वस्तुतः चलनाच्या विनिमयदरात जसा बलवान आणि दुर्बल देशांमधला संबंध लपलेला असतो, तसाच तो इथेही आहे.

दोन दाखले

हा प्रश्न आपल्या परंपरेला परका नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. झाल्यावर बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तिथे त्यांनी अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४ आणि राज्यशास्त्राचे ३ अभ्यासक्रम घेतले. शिवाय फ्रेंच व जर्मन या भाषांचा प्रत्येकी एक. विषयांची अशी मुक्त निवड करण्याची मुभा तत्कालीन मुंबई विद्यापीठात कोणालाच नव्हती. १९१५ साली एम.ए. झाल्यावर पुढच्या वर्षी ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आले. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि शिक्षण अर्धे टाकून त्यांना परतावे लागले. परंतु परतताना त्यांच्या हाती एक आश्वासन होते. चार वर्षांच्या आत परत आल्यास अभ्यास जिथे सोडला तिथून पुढे चालू करता येईल, अशी परवानगी त्यांना मिळालेली होती. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अध्यापन करून साठवलेले पैसे, शाहू महाराजांचे साहाय्य आणि एका मित्राने दिलेले कर्ज यांच्या बळावर १९२० साली ते लंडनला परतले. १९२१ साली एम.एस्सी. आणि १९२३ साली डी.एस्सी. झाले. ती चार वर्षांची परवानगी नसती तर रुपयाच्या प्रश्नावरचा तो प्रबंध कदाचित लिहिलाच गेला नसता.

दुसरा दाखला जयप्रकाशांचा. असहकाराच्या हाकेला ओ देऊन त्यांनी सरकारी कॉलेज सोडले, आणि १९२२ साली ते अमेरिकेस गेले. बर्कले येथे प्रवेश घेतला, पण तिथली फी वाढताच ती परवडेना म्हणून आयोवा गाठले. पुढे विस्कॉन्सिन, आणि अखेरीस ओहायो. मधल्या काळात फळबागांत, कारखान्यांत, उपाहारगृहांत अंगमेहनत करून पोट भरले. रसायनशास्त्राकडून समाजशास्त्राकडे वळले. आणि १९२९ साली एम.ए. होऊन परतले. विद्यापीठामागून विद्यापीठ बदलणाऱ्या, फी नाही म्हणून मधूनच काम धरणाऱ्या आणि विद्याशाखाही बदलणाऱ्या विद्यार्थ्याला पदवी मिळणे हे तेव्हाच्या हिंदुस्थानात अशक्यप्राय होते. अमेरिकेत ते शक्य झाले, कारण तिथे प्रत्येक विषयाचा अभ्यास स्वतंत्रपणे मोजला व नोंदला जाई. आमच्या पिढीला ठाऊक होती ती एटीकेटी. म्हणजे नापास झालेला विषय गळ्यात अडकवून पुढच्या वर्षात पाऊल टाकण्याची सवलत. पास झालेला विषय बरोबर घेऊन दुसऱ्या विद्यापीठात जाण्याची सोय आम्ही कधी ऐकलीही नव्हती.

या दोन दाखल्यांवरून एक गोष्ट ध्यानात यावी. श्रेयांकांची पद्धत ही मुळात श्रीमंतांच्या सोयीची नाही. श्रीमंताच्या मुलाचे एक वर्ष वाया गेले तर त्याचा बाप दुसऱ्या वर्षाची फी भरतो. ज्याचे शिक्षण पैशावाचून मधेच तुटते, त्यालाच पूर्वी केलेला अभ्यास सुरक्षित राहण्याची खरी गरज असते.

एकशेवीस म्हणजे किती?

आता थोडा हिशेब करू. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवी अभ्यासक्रमासाठी जी चौकट जाहीर केली, तिच्याप्रमाणे तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० आणि चार वर्षांच्या पदवीला किमान १६० श्रेयांक लागतात. म्हणजे वर्षाला ४०. अमेरिकेत १२० श्रेयांकांना चार वर्षांची पदवी मिळते. म्हणजे वर्षाला ३०. युरोपात ६० श्रेयांकांचे एक वर्ष धरतात, त्यामुळे तिथे १२० म्हणजे दोन वर्षे. आणि ब्रिटनमध्ये १२० श्रेयांक एकाच वर्षात पुरे होतात. आकडा एकच, परंतु तो कुठे एक वर्षाचा, कुठे दोन, कुठे तीन, तर कुठे चार वर्षांचा. हातात १२० श्रेयांक आहेत असे नुसते म्हणणे हे खिशात १२० आहेत असे म्हणण्यासारखे आहे. रुपये की पौंड, हे सांगितल्याखेरीज त्याला अर्थ नाही.

वर्षाला वर्ष धरले तर दर सोपा आहे. आपला चार श्रेयांकांचा एक विषय म्हणजे अमेरिकेचे तीन, युरोपचे सहा आणि ब्रिटनचे बारा. परंतु तासांचा हिशेब मांडला की गणित बदलते. आपल्या राष्ट्रीय श्रेयांक चौकटीत एक श्रेयांक म्हणजे वर्गातला व घरचा मिळून ३० तासांचा अभ्यास. वर्षाचे झाले १२०० तास. युरोपचा एक श्रेयांक २५ ते ३० तासांचा. वर्षाचे किमान १५०० तास. तेव्हा तिथल्या एखाद्या काटेकोर कुलसचिवाने आपल्या १२०० तासांना २५ ने भागले तर विद्यार्थिनीच्या पदरात ६० ऐवजी ४८ श्रेयांक पडतील. वर्षाचा पाचवा हिस्सा कागदावरच कापला गेला.

यावर कोणी म्हणेल, तास कमी आहेत तर श्रेयांक कमी मिळणारच, तक्रार कसली? पण गंमत पुढेच आहे. ब्रिटनचा एक श्रेयांक अवघ्या दहा तासांचा असतो. म्हणजे ब्रिटनचे वर्षही १२०० तासांचेच. तरीही ब्रिटनच्या १२० श्रेयांकांचे युरोपात ६० धरले जातात, कारण दोनास एक हा दर तिथे सर्वमान्य झालेला आहे. ज्या १२०० तासांचे लंडनच्या विद्यार्थ्याला ६० मिळतात, त्याच १२०० तासांचे कलिन्याच्या विद्यार्थ्याला ४८ मिळू शकतात. हा फरक गणिताचा नाही, करारमदाराचा आहे. ज्याच्या मागे त्याचे विद्यापीठ आणि त्याचे सरकार उभे आहे त्याला पुरता दर मिळतो. जो एकटा खिडकीशी उभा आहे त्याला मिळेल तो दर घ्यावा लागतो. कामगार चळवळीत आयुष्य घालवलेल्या वाचकाला एकट्याने केलेली घासाघीस आणि सामुदायिक करार यांतला फरक समजावून सांगण्याची गरज नाही.

नवे नियम कोणासाठी?

गेल्या काही वर्षांत या दिशेने सरकारी पावले पडली, हे नाकारण्यात अर्थ नाही. जुलै २०२१ मध्ये अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे नियम आले. विद्यार्थ्याचे श्रेयांक एका खात्यात जमा राहावेत आणि शिक्षण तुटले तरी सात वर्षांपर्यंत ते वापरता यावेत, ही त्यामागची कल्पना. लंडनने एका विद्यार्थ्याला दिलेल्या चार वर्षांच्या सवलतीचे हे सार्वत्रिक रूप आहे आणि त्याचे स्वागतच केले पाहिजे. मे २०२२ मध्ये परदेशी विद्यापीठांबरोबर संयुक्त शिक्षणाचे नियम आले. त्यांत तीन प्रकार आहेत. ट्विनिंगमध्ये पदवी भारतीय विद्यापीठाची, पण जास्तीत जास्त ३० टक्के श्रेयांक परदेशात मिळवता येतात. संयुक्त पदवीत दोन्ही विद्यापीठांकडचे श्रेयांक प्रत्येकी किमान ३० टक्के असावे लागतात. दुहेरी पदवीत दोन्ही विद्यापीठे आपापली पदवी देतात आणि भारतात किमान ३० टक्के श्रेयांक मिळवले म्हणजे पुरे. नॅकच्या मूल्यांकनात किमान ३.०१ गुण मिळवणाऱ्या संस्थांना हे मार्ग खुले आहेत. मुंबई विद्यापीठाला २०२१ साली ३.६५ गुण मिळाले होते. म्हणजे पात्रतेची अडचण नाही.

अडचण अन्यत्र आहे. चार वर्षांच्या १६० श्रेयांकांपैकी ट्विनिंगमध्ये ४८ बाहेर मिळवता येतात, म्हणजे वर्षाहून थोडे अधिक. दुहेरी पदवीत ११२ पर्यंत, म्हणजे जवळजवळ तीन वर्षे परदेशात. या काळाची परदेशी फी आणि राहण्याखाण्याचा खर्च कोणी द्यायचा, याविषयी शिष्यवृत्तीच्या योजना मौन पाळतात. महाराष्ट्र सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती वर्षाला ७५ विद्यार्थ्यांना मिळते, केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या जागा १२५ आहेत. आणि दोन्ही योजना पदव्युत्तर शिक्षण व संशोधन यांपुरत्याच आहेत. पदवीच्या विद्यार्थ्याला एका सत्रासाठी पाठवणारी योजना त्यांत नाही. त्यातही केंद्राने २०२२ च्या नियमावलीत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय वगळले. ज्या विद्यार्थ्याने १९१६ साली न्यूयॉर्कमध्ये हिंदुस्थानातील जातिसंस्थेवर निबंध वाचला, त्याला या नियमावलीने दारातच अडवले असते.

परिणाम असा, की दरवाजा उघडला आहे, पण तो उघडल्याची वार्ता ज्यांच्या घरी आधीच परदेशी विद्यापीठांची माहितीपत्रके पोचलेली आहेत त्यांनाच. विद्यानगरीपासून हाकेच्या अंतरावर वांद्रे-कुर्ला संकुलात अमेरिकेची वकिलात आहे. तिथल्या रांगेत उभ्या असलेल्या तरुणांपैकी किती जणांना त्यांच्या महाविद्यालयाने अभ्यासक्रमाची आखणी करून दिली होती, हे एकदा विचारून पाहावे. बहुतेकांना ती पैसे घेऊन दिली असते ती खाजगी सल्लागारांनी.

या सल्लागारांचा धंदा समजून घेतला पाहिजे. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया इत्यादी देशांतली अनेक विद्यापीठे आपल्याकडच्या दलालांना प्रवेशामागे दलाली देतात. ही चोरटी गोष्ट नव्हे, तिथली रूढ प्रथा आहे. आता दलाली फीच्या प्रमाणात मिळत असेल, तर इथला अभ्यास तिकडे धरून घेऊन विद्यार्थ्याचा मुक्काम एका वर्षाने कमी करावा, यात दलालाचा स्वार्थ कोणता? यजमान विद्यापीठाचाही हितसंबंध तसाच. जितके श्रेयांक कमी मान्य करावेत तितकी फी अधिक. या सौद्यात विद्यार्थ्याचे एक वर्ष वाचावे असे ज्याला मनापासून वाटेल असा एकच पक्ष उरतो, तो म्हणजे त्याचे स्वतःचे सार्वजनिक विद्यापीठ. आणि नेमका तोच या सौद्यात गैरहजर असतो.

नोंदीवाचून पत नाही

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला एक गोष्ट प्रारंभीच शिकवली जाते, की चलनाची किंमत कागदात नसते, तो काढणाऱ्याच्या विश्वासार्हतेत असते. श्रेयांकांचेही तसेच. २०१७ साली मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा निर्णय पुरेशा तयारीवाचून अमलात आणला. निकाल महिनोन्‌महिने रखडले, कुलपतींनी घालून दिलेली ३१ जुलैची मुदत टळली, परदेशी प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्यांची कोंडी झाली, आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. ज्या बँकेचा धनादेश वेळेवर वटत नाही तिच्याकडे ठेवी किती आहेत, हे परदेशी विद्यापीठ विचारीत बसत नाही.

तो प्रसंग मोठा होता म्हणून वर्तमानपत्रांत आला. लहान प्रसंग येत नाहीत. माझ्या अध्यापनाच्या अखेरच्या काळात वाकोल्याच्या एका रिक्षाचालकाच्या मुलीने जर्मनीत अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी अर्ज केला होता. तिची निवड विचारपूर्वक होती. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवण्याची फी नाही. वर्षभराच्या निर्वाहाची रक्कम तेवढी आधी खात्यात दाखवावी लागते. सप्टेंबर २०२४ पासून ती ११,९०४ युरो आहे. ती रक्कम तिच्या नात्यागोत्यांतून आणि कर्जातून कशीबशी उभी राहणार होती. पण फी नसलेल्या दाराला कडी असते ती श्रेयांकांची. गणित आणि संख्याशास्त्र यांचे ठराविक श्रेयांक पूर्वी झालेले असले पाहिजेत, अशी त्या विद्यापीठाची अट होती. मुलीने संख्याशास्त्राचा पेपर घेतला होता आणि त्यात उत्तम गुणही होते. परंतु गुणपत्रिकेवर विषयाचा केवळ क्रमांक आणि गुण. किती तास शिकवले, कोणते प्रकरण, कोणती पुस्तके, याचा सहीशिक्क्यानिशी तपशील हवा होता. मधल्या काळात अभ्यासक्रम बदललेला; जुन्याची प्रत महाविद्यालयात सापडेना; ज्यांनी सही करायची ते रजेवर. मुदत उलटून गेली. मुलगी हुशार नव्हती म्हणून किंवा पैसा नव्हता म्हणून दार बंद झाले नाही. एका फायलीवाचून झाले. पैसेवाल्याच्या मुलाला अशी फाइल लागत नाही, कारण तो फीवाल्या विद्यापीठात जातो, आणि तिथे अटी सैल असतात.

गुणांचीही तीच कथा. आपल्याकडे ६० टक्के म्हणजे पहिला वर्ग. ब्रिटनमध्ये पहिल्या वर्गाला ७० लागतात. अमेरिकेत ६० म्हणजे जेमतेम पास. तेव्हा आपले ६० टक्के तिकडे जाताच त्यांची किंमत पडते. यावर उपाय युरोपने काढलेला आहे. कोणत्या श्रेणीत शेकडा किती विद्यार्थी आले त्याचा तक्ता गुणपत्रिकेसोबत द्यायचा, म्हणजे ६५ टक्के मिळवणारी मुलगी तिच्या वर्गातल्या पहिल्या दहांत होती की पहिल्या पन्नासांत, हे परक्या माणसालाही कळते. परीक्षा भवनापाशी हे आकडे असतातच. छापायला खर्च नाही. इच्छाशक्ती तेवढी हवी.

बुद्धी जाते की परत येते?

आता दुसऱ्या आक्षेपाकडे वळतो. बुद्धीची गळती ही खरी व्यथा आहे आणि सार्वजनिक पैशावर तयार झालेला डॉक्टर वा अभियंता कायमचा परदेशी जातो तेव्हा ती सार्वजनिक हानीच असते. परंतु श्रेयांक हस्तांतरण आणि कायमचे स्थलांतर यांची गल्लत करू नये. जो विद्यार्थी पूर्ण पदवीसाठी जातो, त्याच्या डोक्यावर कर्ज असते आणि ते फेडण्यासाठी त्याला तिथेच नोकरी धरावी लागते. रुपयांत पगार घेऊन डॉलरमधले कर्ज फिटत नाही. जो एका सत्रासाठी वा एका वर्षासाठी जातो त्याची पदवी इथे असते, म्हणून त्याला परत यावेच लागते. तेव्हा बुद्धीची गळती थांबवायची असेल तर परदेशी जाण्याची वाट अडवून ती थांबणार नाही. परत येण्याची वाट अभ्यासक्रमातच बांधून ठेवावी लागेल. लोहिया बर्लिनला गेले, मिठावरील करावर प्रबंध लिहून १९३३ साली परतले. त्यांनी जर्मनीतून आणले ते इथल्या गरिबाच्या ताटातल्या मिठाविषयीचे ज्ञान होते. जग पाहून परतलेल्या माणसांनी आपली चळवळ घडवली. ती संधी पुढच्या पिढीत केवळ धनिकांची मक्तेदारी व्हावी, हे आपण मान्य करणार काय?

पहिल्या आक्षेपाचेही उत्तर यातच आहे. हा प्रश्न आज श्रीमंतांचा दिसतो, कारण आपण तो श्रीमंतांवर सोडून दिला आहे. शिवाय ज्या यंत्रणेची मागणी मी करतो आहे तिचा उपयोग परदेशापुरता नाही. सावंतवाडीचा मुलगा वडिलांची नोकरी गेली म्हणून मधेच शिक्षण सोडतो आणि दोन वर्षांनी मुंबईत येऊन ते पुढे चालू करू पाहतो. लग्न होऊन दुसऱ्या जिल्ह्यात गेलेली मुलगी तिथल्या विद्यापीठात पदवी पुरी करू पाहते. त्यांचा प्रश्न तोच आहे. तिथेही जुना अभ्यासक्रम सापडत नाही आणि तिथेही सही करणारा रजेवर असतो.

मागण्या

युरोपने १९८७ साली इरॅस्मस योजना सुरू केली, आणि श्रेयांक मोजण्याची समान पद्धत तिच्यातूनच पुढे आली. त्या योजनेचे मर्म दोन साध्या नियमांत आहे. विद्यार्थी फी भरतो ती आपल्याच विद्यापीठात. यजमान विद्यापीठ त्याच्याकडून फी घेत नाही. आणि निघण्यापूर्वीच विद्यार्थी, त्याचे विद्यापीठ आणि यजमान विद्यापीठ असे तिघे एका करारावर सह्या करतात. कोणते विषय तिकडे घ्यायचे आणि त्यांचे इकडे किती श्रेयांक धरायचे हे त्यात लिहिलेले असते. परतल्यावर पुन्हा विनवण्या नाहीत. हे समाजवादी राज्यांनी केलेले नाही. बाजारी अर्थव्यवस्था असलेल्या देशांनी केले, कारण ही व्यवस्था बाजारावर सोडून चालणार नाही हे त्यांना कळले होते.

त्याच धर्तीवर आपल्या मागण्या अशा असाव्यात. एक, मुंबई विद्यापीठाने गेल्या किमान वीस वर्षांचे सर्व अभ्यासक्रम, शिकवण्याचे तास आणि पुस्तकांच्या याद्यांसह, वर्षवार जतन करून कोणालाही विनामूल्य उपलब्ध करावेत. अधिकृत ट्रान्स्क्रिप्ट अर्ज केल्यापासून ठराविक दिवसांत, नाममात्र शुल्कात मिळावे आणि विलंबाची जबाबदारी अधिकाऱ्यावर निश्चित करावी. दोन, श्रेणींचा तक्ता प्रत्येक गुणपत्रिकेसोबत द्यावा. तीन, परदेशी विद्यापीठांशी होणाऱ्या प्रत्येक करारात श्रेयांकांचा दर वर्षास वर्ष असा लिहून घ्यावा, आणि देवाणघेवाणीच्या काही जागा तरी यजमान विद्यापीठाच्या फीतून मुक्त असाव्यात. असे कलम नसलेला करार करू नये. चार, जाण्यापूर्वी त्रिपक्षीय लेखी करार झाल्याखेरीज कोणाही विद्यार्थ्याला पाठवू नये, आणि एकदा सही केल्यावर अभ्यास मंडळाला शब्द फिरवता येऊ नये. पाच, राज्य सरकारने पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी एका सत्राची शिष्यवृत्ती सुरू करावी आणि तिच्यातला मोठा वाटा अनुसूचित जाती-जमाती, भटके-विमुक्त, इतर मागास आणि कामगार कुटुंबांतील मुलामुलींना मिळावा. सहा, प्रत्येक महाविद्यालयात एका शिक्षकाला, त्याचा अध्यापनाचा भार तेवढा कमी करून, अभ्यासक्रमाच्या आखणीचे काम द्यावे. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला पहिल्याच सत्रात कळले पाहिजे, की आज गणित सोडले तर तीन वर्षांनी कोणते दार बंद होणार आहे.

या मागण्या कोणापुढे मांडायच्या? विद्यापीठाच्या अधिसभेत नोंदणीकृत पदवीधरांचे दहा प्रतिनिधी असतात. त्या निवडणुकांकडे आपण अलीकडे दुर्लक्ष केले आणि मैदान इतरांना मोकळे सोडले. पदवीधर मतदारांची नोंदणी हे कंटाळवाणे काम आहे. पण आपल्या चळवळीची बांधणी अशाच कंटाळवाण्या कामांतून झालेली आहे. सांताक्रूझ, वाकोला, कलिना, कुर्ला या पट्ट्यात आपले जे कार्यकर्ते अभ्यासिका चालवतात त्यांनी एवढे तरी करावे, की तिथे येणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला आपला अभ्यासक्रम, तासांची संख्या आणि गुणपत्रिका यांची फाइल पहिल्या वर्षापासून ठेवायला लावावी. त्याला पैसे लागत नाहीत, कोणाची परवानगीही लागत नाही.

श्रमाचे मोल मालकाने एकतर्फी ठरवू नये, यासाठी आपल्या आधीच्या पिढ्या लढल्या. अभ्यास हाही श्रमच आहे. रात्री शेजाऱ्यांच्या टीव्हीच्या आवाजात, दहा बाय दहाच्या खोलीत बसून केलेल्या १२०० तासांचे मोल लंडनच्या विद्यार्थ्याच्या १२०० तासांइतकेच ठरले पाहिजे. ते तसे ठरवून घेणे हे एकट्या विद्यार्थ्याच्या आवाक्यातले काम नाही. ते त्याच्या विद्यापीठाचे कर्तव्य आहे, आणि विद्यापीठाला त्या कर्तव्याची आठवण करून देणे हे आपले.